शेवटची कळी

पुनर्वसन प्रयोगशाळेत एक अख्खं स्वयंपाकघर होतं. नव्या माणसाला वाटे, शास्त्रज्ञांची चंगळ आहे. तसं काही नव्हतं बरं! तिथे अनसूयाबाई घोरपडे मोदक करत होत्या आणि मोदक काही केल्या होत नव्हता.

पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा व्यवसायोपचारतज्ज्ञ शर्वाणी दाभाडेने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हात कशासाठी हवाय, मावशी?"

"मोदकासाठी. लेक म्हणते, हात चालू झाला की बेळगावला घेऊन जाते. तिच्याकडे गणपती बसतो. तिथे मी काय नुसती बसून खाऊ?"

शर्वाणीला असंच उत्तर हवं असे. रबरी चेंडू दाबून हात हलेल, पण माणूस उभा राहतो तो आपल्या कामाने, असं ती सगळ्यांना सांगे.

दोघींच्या हातांत हेतुमोजे होते. हा मोजा बोलण्याला भीक घालत नसे. मज्जातंतूंतला हेतू ओळखून तो बोटांना बळ देई. शर्वाणीचा हेतूही बाईंच्या मोज्यात उतरे, हात धरून अक्षर गिरवून घ्यावं तसा.

कळ्या छान पडत. शेवटची कळी मिटताना मात्र पारी फाटे. रोज!

"माझं मेलीचं नशीबच फाटकं," बाई म्हणत.

"उद्या जमेल, मावशी," शर्वाणी म्हणे. मग खोलीवर जाऊन सकाळचाच भात गरम करून खाई. दिवसभरात तिच्या जेवणाची चौकशी करणाऱ्या एकट्या बाईच होत्या.

शेवटी मोज्याचे अभियंते इरफान काझी यांनी नोंदी तपासल्या.

"मोजा बिघडलाय ना?" शर्वाणीने विचारलं.

"मोजा ठणठणीत आहे. बाईंचा हातही. बरेच दिवस तो मदतच मागत नाही." काझी घुटमळले. "फाडण्याचा हेतू तुमच्या मोज्यातून येतोय, मॅडम."

"काहीतरीच काय! मी मुद्दाम करेन?"

"मुद्दाम नाही. तुम्हाला स्वतःला ठाऊक नसलेला हेतूही मोज्याला कळतो."

शर्वाणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मोजा काढून ठेवला. बाईंनी नवी पारी घेतली, सारण भरलं, आणि शेवटची कळी अलगद मिटली. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी शर्वाणीचं मनगट धरलं.

"आता तू सांग. तुला माझा हात कशासाठी हवा होता गं?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून," शर्वाणी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"जाणार तर मी आहेच, बाळा." बाईंनी उरलेल्या उकडीची पारी लाटून तीत सारण भरलं. मोदकाला बहीण हवी, म्हणून मोदकांसोबत एक तरी करंजी करतात. ती त्यांनी शर्वाणीच्या तळहातावर ठेवली. "मुरड तू घाल. मोज्याशिवाय."

शर्वाणीने कड धरली. ती फाटू नये, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.