तिथे ढग होते

आकाशात फार फार दूर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळल्याची बातमी आली, तेव्हा ती मावशीच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेली होती.

मावशी दातांची डॉक्टर. उजव्या दाढेपाशी भुलीची सुई टोचून झाली होती, अर्धा गाल कुठे गेला ते समजत नव्हतं आणि दाढ कोरायचं यंत्र नुकतंच गुणगुणायला लागलं होतं. इतक्यात तिच्या पोटावर ठेवलेला फोन किंचाळला. हा फोन वाजत नसे, घराला आग लागल्यासारखा किंचाळत असे.

"हलायचं नाही," मावशी म्हणाली.

ती हलली. गळ्यात अडकवलेल्या कागदी रुमालासकट जिन्याने वर पळाली.

तिसऱ्या मजल्यावर खगोलसंस्थेची एक खोली होती. संस्थेची दुर्बीण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, एका उघड्याबोडक्या डोंगरावर. इथे दुपार झाली की तिथे मध्यरात्र. त्यामुळे संस्थेत 'रात्रपाळी' सकाळी नाश्ता करून सुरू व्हायची आणि संध्याकाळच्या चहाला संपायची. खिडक्यांना जाड पडदे होते. त्यांची गरज कुणालाच नव्हती, पण पडद्यांशिवाय शास्त्रज्ञांना रात्र झाल्यासारखं वाटत नसे.

तिने दार ढकललं. आत एक तरुण संगणकाच्या पडद्यावरच्या एकाच ठिपक्याकडे, दूध उतू जायची वाट बघावी तसा बघत बसला होता. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. विस्कटलेले केस, गळ्यात रुमाल, तोंड एका बाजूला...

"दवाखाना तळमजल्यावर आहे," तो अगदी हळुवारपणे म्हणाला. "जिना जपून उतरा हं."

"दुब्बीन हवीय," ती म्हणाली.

"हो, हो. फार दुखत असेल."

"दु - ब्बीन!"

तेवढ्यात टेबलावरच्या स्पीकरमधून, म्हणजे थेट डोंगरावरून, एक खर्जातला आवाज आला. "अरे बाबा, पेशंट नाही ती. ती झडप आहे. खुर्ची सोड, स्फोट झालाय."

हे डोंगरकाका. दुर्बीण प्रत्यक्ष फिरवायचं काम त्यांच्याकडे. आणि झडप हे तिचं संस्थेतलं नाव. ते पडायला कारण होतं.

दोन मेलेले, पण भयंकर जड तारे एकमेकांवर आदळले की गॅमा किरणांचा एक लखकन झोत निघतो. पापणी लवते न लवते तोच संपतो. तो वरचा उपग्रह टिपतो आणि तिचा फोन किंचाळतो. झोत गेल्यावर मागे एक मंद धग उरते, तीसुद्धा काही तासांत विझते. ती धग शोधायची, हे तिचं काम. म्हणून संस्थेने नियम केला होता: फोन आला की दुर्बीण कुणाच्याही हातात असो, तिने ती काढून घ्यायची. ही पहिली झडप हक्काची. दुसरी मात्र ज्याची पाळी असेल त्याच्या मर्जीची.

तो निमूटपणे उठला. तिने भराभर आकडे दाबले, दुर्बीण वळली, फोटो सुरू झाला. आता थांबायचं होतं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि अवघडून म्हणाला, "ते... गालावर जरा..."

तिने डावा गाल पुसला.

"दुसरा."

"तो जाग्यावर आहे?" तिने विचारलं.

"आहे. माझ्यावर विश्वास ठेवा."

तिने ठेवला. पहिल्याच भेटीत एखाद्या परक्या माणसावर स्वतःच्या गालाच्या बाबतीत विश्वास ठेवायची वेळ फार थोड्या मुलींवर येते.

फोटो आला. "सापडलं?" त्याने विचारलं.

"एक ठिपका आहे. जुन्या फोटोत नाही. पण एकदा बघून काही कळत नाही. दोनेक तासांनी परत बघायचं. मंदावला, तर ती आपली धग."

"आणि नाही मंदावला तर?"

"तर कुणीतरी नेहमीचा तारा, जुन्या फोटोत पुसट राहून गेलेला. सोडून द्यायचा."

"बिचारा," तो म्हणाला. "टिकला एवढाच गुन्हा."

दुसरी झडप त्याने आनंदाने दिली. ठिपका जसाच्या तसा होता. तिने तो सोडून दिला.

त्यानंतरचे महिने विचित्र गेले. तारे एकमेकांवर आदळायचे ते नेमके त्याच्या पाळीला. आकाशाला त्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक कोण पोचवतं, अशी चर्चा खालच्या चहाच्या टपरीवरही झाली. पुढेपुढे तो आल्याआल्या दुसरी खुर्ची जवळ ओढून ठेवायला लागला. मग थर्मासमध्ये दोघांपुरता चहा आणायला लागला. स्फोट झाला नाही तर चहा उरायचा, म्हणून तीच स्फोटाशिवाय यायला लागली. चहा वाया जाऊ नये, एवढाच हेतू.

संस्थेत त्याला नऊवर्ष्या म्हणत. तो ज्या एकाच ताऱ्याचा अभ्यास करायचा, त्याच्यासमोरून नऊ वर्षांतून एकदा एक काळा सोबती सरकत जातो, त्या रात्री तारा मंदावतो, अर्धा तास अगदी तळाला जातो आणि पुन्हा उजळतो.

"आणि मधली वर्षं काय करता?" तिने एकदा विचारलं.

"तो ठीक आहे ना, ते बघतो."

"कंटाळा नाही येत?"

"येतो की. पण ओळखीच्या माणसाचा कंटाळा येणं वेगळं."

"मला नाही बाई जमणार. माझी गिऱ्हाइकं चहा निवायच्या आत विझतात."

"म्हणून तुम्ही चहा इतका गरम पिता होय?" तो म्हणाला. तिचं तोंड पोळलेलंच होतं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं... आणि मग, कामाची सवय म्हणून असेल, थोड्या वेळाने परत पाहिलं.

एकीकडे गंमत चालली असली तरी तिचा जीव टांगणीला लागला होता. तीन वर्षांत एकही धग सापडली नव्हती. संस्थेचे सर शांत माणूस. ते कुणावर ओरडत नसत, फक्त चष्मा पुसत. एक दिवस चष्मा पुसतपुसत ते म्हणाले, "या वर्षअखेरपर्यंत बघू. नाहीतर झडप बंद. दुसऱ्यांच्या वेळेचं किती नुकसान करायचं, नाही का?" म्हणजे फोन बंद, काम बंद, आणि तिने कुणाच्या तरी हाताखाली बसून जुन्या फोटोंची धूळ झटकायची.

वर्षअखेर आली. बाहेर अवकाळी रिपरिप लागली होती, डोंगरावर मात्र लख्ख चांदणं. मावशीने त्या दिवशी दवाखान्याचं दार आतून लावून तिला खुर्चीत बसवलं होतं. त्या दाढेचा हा तिसरा प्रयत्न.

फोन किंचाळला.

मावशीने यंत्र खाली ठेवलं आणि स्वतःच कडी काढली. "जा. दाढ काय, पुढच्या जन्मी भरू."

ती वर पोचली तेव्हा तो आधीच खुर्चीतून उठून उभा होता. तिच्या फोनची किंकाळी आता तीन मजले ऐकू येत असे. दुर्बीण वळली. पहिला फोटो आला आणि दोघंही पडद्याला नाक लावून बसले. एका पुसट दीर्घिकेच्या कडेला, उपग्रहाने सांगितलं होतं अगदी तिथेच, एक ठिपका. जुन्या फोटोत नसलेला.

"हाच," ती पुटपुटली. लगेच जीभ चावली. "एकदा बघून काही सांगता येत नाही."

"नाही," तो म्हणाला. "मुळीच नाही."

दुर्बीण त्याच्या ताऱ्याकडे परत गेली. मधला वेळ सरता सरेना. पावसाचे थेंब काचेवर, तिची बोटं टेबलावर. त्याने तिच्या हातात गरम कप दिला आणि दोन्ही हातांनी तो धरायला लावला. नऊवर्ष्या आज नेहमीपेक्षा गप्प आहे, असं तिला वाटलं. पण तिचं लक्ष होतं कुठे?

वेळ झाली. तिने विचारलं, "आता दुसऱ्यांदा... तुझं काही अडत नाही ना?"

तुझं. अहोजाहो गळून पडलं होतं, आणि ते दोघांनाही ऐकू आलं.

तो घटकाभर पडद्यावरच्या आपल्या ताऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "छे! माझा तारा कुठे पळून जातोय?"

स्पीकर खाकरला. "अरे, पण - "

"काका, दुर्बीण फिरवा."

काकांनी फिरवली.

दुसरा फोटो आला. ठिपका होता, पण निम्मासुद्धा उरला नव्हता. मंदावत होता! विझत होता! आयुष्यात एवढ्या आनंदाने कुणाच्या विझण्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती ओरडली, डोंगरावर काका ओरडले, तळमजल्यावर एका पेशंटने दचकून मावशीचं बोट चावलं. बऱ्याच वेळाने तिच्या ध्यानात आलं, की आपण कुणाचा तरी हात गच्च धरला आहे. कुणाचा, ते बघून तिने तो सोडला. लगेच नाही... पण सोडला.

बातमी जगभर गेली. दुसऱ्या दुर्बिणींनीही धग पाहिली. सरांनी चष्मा न पुसता सरळ तिच्याकडे बघून स्मित केलं. झडप चालू राहणार होती. मग लेख, मुलाखती, फोन. वरच्या खोलीत जायला सवडच होईना. तोही फिरकला नाही. महिनाभराने तिने डोंगरकाकांचे आभार मानायला फोन लावला.

"माझे कसले आभार मानतेस झडपे? त्याचे मान," काका म्हणाले. "त्याचा तारा त्या अर्ध्या तासात तळाला गेला होता."

"कोणत्या अर्ध्या तासात?"

"तू दुसऱ्यांदा घेतलास त्याच. आता नऊ वर्षं थांब म्हणावं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"मी 'अरे, पण' म्हणालो होतो. याहून मोठं भाषण करायची आम्हाला परवानगी नसते." काका खाकरले. "हे बघ, ते तुझे मेलेले तारे कोट्यवधी वर्षं एकमेकांभोवती फिरतात, तेव्हा कुठे एकदाचे भेटतात. त्यांना परवडतं. तुम्ही दोघं जिवंत आहात. जरा हात चालवा."

दुसऱ्या दिवशी संस्थेत त्याचं व्याख्यान होतं. ती सगळ्यात मागे बसली. त्याने आपल्या ताऱ्याचा आलेख दाखवला. ठिपके ओळीने खाली उतरत होते. मध्ये एक लहानशी फट. पुन्हा उतरण. आणि जिथे तळ असायला हवा, बरोबर तिथे कोरी जागा. त्यापलीकडे ठिपके निवांत वर चढत होते, जणू काही झालंच नाही.

सर पुढे वाकले. "हे काय? नऊ वर्षं थांबलात आणि नेमका तळच नाही?"

"ढग होते, सर."

"आणि या वरच्या फटीत?"

"तिथेही ढगच."

सर चष्मा पुसायला लागले. पुसणं लांबलं. ज्याच्या हातून असा तळ निसटतो, त्याला पुढच्या वेळी दुर्बीण द्यायची की नाही, याचा विचार त्या काचांवर चाललेला सगळ्या सभागृहाला दिसत होता. तोही ते बघत होता, तरी ढगांवरच अडून होता.

ती उठून उभी राहिली.

"खोटं आहे, सर. आकाश अगदी स्वच्छ होतं. तिथे मी होते."

सरांनी चष्मा घातला. त्या दिवशी धग सापडली हे त्यांना माहीत होतं, त्या दिवशी त्याच्या ताऱ्याला ग्रहण होतं हेही माहीत होतं. दोन्ही एकाच वेळी माहीत नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आलेखाकडे.

"दोन्ही फटींत तुम्हीच?"

"दोन्ही, सर."

"मग तसं लिहा की," सर म्हणाले. "ढगांना कशाला बदनाम करता?"

बाहेर जिन्यात तिने त्याला गाठलं.

"खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर तू दुसरी झडप घेतली नसतीस."

"मी तेव्हाचं नाही विचारत. आत्ताचं विचारतेय."

तो कठड्यावरची नसलेली धूळ पुसायला लागला. "तुझ्या नावावर माझं नुकसान मांडायचं... बरं नाही वाटलं."

ती एक पायरी खाली होती, तिथून तिने वर पाहिलं. "मी तुला पहिल्या दिवशी पाहिलं होतं. मग परत पाहिलं. मग किती वेळा ते मोजलं नाही. तू मंदावत नाहीयेस."

"म्हणजे... नेहमीचा तारा," तो म्हणाला. "सोडून द्यायचा."

"नियम माझा आहे," ती म्हणाली. "मी बदलला."

त्या आठवड्यात मावशीने चौथ्यांदा भुलीची सुई टोचली. फोन बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या खिशात होता. यंत्र गुणगुणायला लागलं आणि बाहेर किंकाळी उठली.

"हलायचं नाही," मावशी म्हणाली.

ती हलली नाही. दोन-दोन पायऱ्या चढत वर जाणारी पावलं तिने ऐकली. मग तिसऱ्या मजल्यावर कुणालातरी "खुर्ची सोडा हो, झडप!" असं दरडावणारा एरवीचा मवाळ आवाज. तिने तोंड आणखी मोठं उघडलं. मावशीने दाढ एकदाची भरली.

ती वर गेली तेव्हा दुर्बीण जागेवर वळलेली होती, पहिला फोटो सुरू झाला होता आणि दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती. ती बसली. अर्धा गाल अजून परत आला नव्हता. उरलेल्या अर्ध्या तोंडाने ती त्याच्या कानाशी एक लहानसं वाक्य बोलली.

त्याचे कान लाल झाले. त्याने रुमाल काढून तिचा बरोबर उजवाच गाल पुसला.

स्पीकर खाकरला. "काय म्हणाली रे ती?"

"खाजगी आहे, काका," तो म्हणाला. "तुम्ही दुर्बीण सांभाळा."