पाव सरळ ठेव, वहिनी

त्या रविवारी मला फक्त निवांत जेवायचं होतं. दुसरं काही नाही.

मी रेन शहरातल्या एका शाळेत गणित शिकवते. वर्षभर पोरांच्या वह्या तपासून डोळे शिणले की ऑगस्टमध्ये आम्ही पोर-ग्वेनला, माझ्या नवऱ्याच्या गावी सुट्टीला येतो. नवरा, तुदुआल, कोळ्यांच्या घरातला; शिकून शहरात आलेला तो पहिलाच. पण गावात पाय ठेवला की त्याला होडी दिसते, बायको दिसत नाही. त्या दिवशीही सकाळी नऊला तो आमच्या अकरा वर्षांच्या एनोराला घेऊन शिडाच्या छोट्या होडीतून समोरच्या बेटावर गेला. "साडेबाराला थेट सोआझिगच्या पायऱ्यांना लागतो. कालवं मागवून ठेव," म्हणाला.

सोआझिग त्याची आतेबहीण. धक्क्याच्या टोकाला तिचं माशांचं हॉटेल आहे, आधी तिची आई चालवायची. मोठ्या ओहोटीला तिथल्या खिडकीतून खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडलेला दिसतो आणि त्यावर एका जुन्या मच्छीमार होडीचं पालथं बूड. गावातली मुलं त्याला देवमासा म्हणतात. अठ्ठावन्न वर्षं तो तसाच पालथा पडला आहे. लहानपणी तुदुआल त्यावरून घसरगुंडी खेळायचा. त्या होडीवर कोण होतं, हे मात्र गावात कोणी सांगत नाही, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

सव्वाबाराला मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात बसले. हॉटेल पाहुण्यांनी गच्च भरलेलं. खेकड्याच्या तंगड्या फोडल्याचे आवाज, लिंबाचा वास, कुणाचं तरी बाळ किंचाळत होतं. फक्त माझ्या शेजारचं भिंतीलगतचं छोटं टेबल रिकामं होतं. सोआझिगनं खारं लोणी आणि गरम गोल पाव आणून ठेवला. पावाची वरची साल कडक असते, पालथा घातला की सुरी बरी चालते. म्हणून मी तो पालथा घातला, एक काप कापला आणि तसाच राहू दिला.

सोआझिग जाता जाता थबकली. "पाव सरळ ठेव, वहिनी."

"का गं?"

"माहीत असून विचारतेस? मामी असती तर सुरीच हिसकावून घेतली असती."

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. पाव पालथा राहिला की समुद्रात कुणाची तरी होडी पालथी होते, हे त्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकवलं होतं. मी हसले. "मग किनारारक्षकांनी समुद्रावर कशाला फिरायचं? बेकरीत जाऊन बसावं की."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," सोआझिग म्हणाली. तिनं पाव सरळ केला आणि आत निघून गेली.

माझा स्वभाव वाईट आहे. कुणी नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. तिची पाठ वळल्याबरोबर मी पाव पुन्हा पालथा घातला.

सगळ्यात आधी गेला तो देवमासा. मी खिडकीतून बघत होते आणि तो बघता बघता दिसेनासा झाला. मग वाळूचा दांडा गेला, मग धक्क्यावरच्या होड्या, आणि शेवटी काचेला पांढरं धुकं येऊन टेकलं. भर दुपारी सोआझिगनं दिवे लावले. पाहुण्यांना गंमत वाटली, काहींनी फोटो काढले. मी मात्र घड्याळ बघितलं. पावणेएक वाजला होता. त्या दांड्यावर ओहोटीला लाटा कशा फुटतात हे तुदुआलनंच मला कितीदा सांगितलं होतं.

तेव्हा मला ओल्या लोकरीचा वास आला.

शेजारच्या टेबलाशी एक म्हातारी बसली होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. काळा पोशाख, डोक्याला आमच्याकडच्या जुन्या बायका घालायच्या तशी पांढरी टोपी. तिच्यापुढे एक गोल पाव होता, पालथा. बाकी काहीच नाही, ताटली नाही की सुरी नाही.

"पाण्यात कोण आहे गं तुझं?" तिनं हळूच विचारलं.

"नवरा… आणि मुलगी."

"मग सरळ कर तो. आणि हात काढू नकोस."

मी पटकन पाव सरळ केला आणि दोन्ही हातांनी धरला. हो, मीच. त्या वेळी माझं गणित कुठे गेलं होतं, देव जाणे.

"तुमचा पण पालथा आहे," मी म्हणाले.

"भांडण झालं होतं आमचं, नवराबायकोचं," ती म्हणाली. "तो दारातून बाहेर पडला आणि मी रागानं पाव पालथा आपटला. मुद्दाम. त्याच्याबरोबर त्याचे तीन भाऊ होते, ते आठवलंच नाही मला… तेव्हापासून सरळ करायला बघतेय, पण माझ्यानं हा होत नाही."

मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात माझ्या हाताखालचा पाव हलला.

खोटं वाटेल तुम्हाला. पण टेबल जागचं हललं नाही, ग्लासातलं पाणी हललं नाही, फक्त पाव एका कुशीवर कलला, खालून कुणी जोर लावल्यासारखा. मी अंगातलं सगळं बळ लावून तो खाली दाबला. थोडा वेळ गेला. तो पुन्हा कलला, या वेळी इतका की सालीत माझी नखं रुतली. तिसऱ्या वेळी माझं मनगट मुरगळलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "नाही… नाही…" शेजारच्या पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघू देत. माझी एनोरा त्या धुक्यात होती, आणि पाव पालथा मी घातला होता.

मग तो शांत झाला. तरी मी हात काढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. सोआझिगनं आणलेल्या कालवांखालचा बर्फ वितळून गेला.

"आई! मला भूक लागलीये!"

एनोरा दारात उभी होती, नखशिखांत ओली, मागे तुदुआल. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. तुदुआलचे ओठ पांढरे पडले होते. तो खुर्चीत बसला, सफरचंदाच्या सायडरचा अख्खा पेला प्यायला, मग म्हणाला, "दांड्यावर धुक्यात वाट चुकलो. तीनदा आडवी झाली होडी, अर्मेल. शीड पाण्याला टेकलं. अशी आडवी झालेली होडी परत उठत नाही… ही तीनदा उठली."

मी शेजारी बघितलं तर टेबलाशी कुणी नव्हतं. पाव तेवढा होता.

"सोआझिग, इथे बसलेल्या आजी कुठे गेल्या?"

"तिथे?" ती ताटल्या उचलत म्हणाली. "तिथे मी कुणाला बसवत नाही. पाय मोडलाय त्या टेबलाचा." पण ती त्या पावाकडे बघत होती.

मग आम्ही जेवलो. खरंच सांगते, इतकी चविष्ट कालवं मी जन्मात खाल्ली नव्हती. एनोरानं एकटीनं डझनभर संपवली, वर खेकड्याच्या तंगड्यांवरून बापाशी भांडली, आणि मला ते भांडणसुद्धा गोड वाटलं. निघताना मी त्या छोट्या टेबलापाशी थांबले. पाव दगडासारखा कडक होता आणि भरलेल्या बादलीइतका जड. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन, मी तो सरळ केला. उपकाराची फेड म्हणा, हवं तर.

सोमवारी हॉटेल बंद असतं. अकराच्या सुमारास सोआझिग धावत आमच्या दारात आली. "चला," एवढंच म्हणाली.

ओहोटीनं दांडा नुकताच उघडा पडला होता. वरती धक्क्यावर सगळं गाव उभं होतं, पण वाळूवर अजून कुणी उतरलं नव्हतं. दांड्यावर देवमासा सरळ उभा होता. अठ्ठावन्न वर्षं आकाशाकडे असलेलं बूड खाली, काठ वर, आणि काठावर अजून वाचता येणारं नाव: स्टेरेन. म्हातारी माणसं टोप्या काढून उभी होती. एक आजोबा रडता रडता हसत होते.

"पाय मोडलेला नाही त्या टेबलाचा," सोआझिग माझ्या कानाशी म्हणाली. "पाहुण्यांना सांगते तसं. त्या होडीच्या तांडेलाची बायको मरेपर्यंत रोज दुपारी तिथे बसायची. आईनं ती जागा नंतर कुणाला दिली नाही."

मग आम्हाला पावलं दिसली. होडीपासून निघालेली, बुटांची, चार माणसांची. ओल्या वाळूतून सरळ येऊन ती हॉटेलच्या पायऱ्या चढली होती. परत गेलेली एकही नव्हती.

दाराला कुलूप तसंच होतं. सोआझिगनं ते उघडलं. आत त्या छोट्या टेबलाभोवती खुर्च्या ओढलेल्या होत्या. पाव संपला होता, सगळीकडे चुरा. माझ्या कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र एक काप ठेवला होता, लोणी लावून.

"तो तुझाय, आई," एनोरा म्हणाली. "त्या आजींनी सांगितलं होतं, तुझ्यासाठी एक ठेवतील म्हणून."

"कोणत्या आजी?"

"काल होडीत होत्या ना, आमच्या मागे काठावर बसलेल्या. प्रत्येक वेळी त्याच सरळ करत होत्या." ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही बोललाच नाहीत त्यांच्याशी."

तुदुआल खिडकीतून वाळूकडे बघत राहिला.

मी तो काप उचलला. लोणी अजून वितळत होतं.