चाळिसाव्याआधी काढलेलं नाव

मेतोदीकाका गोष्ट सांगायची म्हणून कधीच सांगत नाहीत. ऑक्सिजनच्या सिलिंडरची गाडी धुवून झाली, हात पुसून झाले, की ते आवारातल्या पत्र्याखाली बाकड्यावर बसतात. मग कुणीतरी नवीन पोर काहीतरी विचारतं, आणि झालं, रात्र तिथेच जाते. त्या दिवशी नेटवर्कवर नवीन आलेल्या इवेताने विचारलं. रात्रपाळीचा तिचा दुसराच आठवडा होता.

"काका, आपल्या सर्व्हरच्या यादीत एक नाव आहे. वेलिच्को. त्या नावाचं मशीन मला ऑफिसभर कुठेच सापडत नाहीये. काढून टाकू का?"

बाकड्यावरचे बाकीचे मेतोदीकाकांकडे बघायला लागले.

"काढ की," काका म्हणाले. "फक्त आधी नायदेनचं काय झालं ते ऐक. मग खुशाल काढ."

तर नायदेन म्हणजे इथे आधी नेटवर्क सांभाळायचा तो पोरगा. आता प्लोवदिवला असतो, बरं चाललंय त्याचं. त्याला हे सगळं काम शिकवलं वेलिच्कोकाकांनी. या ऑफिसात जेवढ्या म्हणून वायरी आहेत ना, त्या सगळ्या त्या म्हाताऱ्याने स्वतः गुडघ्यांवर रांगत ओढलेल्या. आणि सिगारेट सोडल्यापासून त्यांच्या तोंडात अखंड सूर्यफुलाच्या बिया. खिशात टरफलं, कीबोर्डात टरफलं, सर्व्हरच्या खोलीत तर पाय टाकला की कर्रकर्र.

"काका, सर्व्हर आहे हा. कबुतरखाना नाही," नायदेन वैतागायचा.

"सर्व्हर कधी काही बोलला का मला? तूच बोलतोस."

पहिलं मशीन आणलं तेव्हा त्याला काहीतरी नाव द्यायचं होतं. यांनी बिनधास्त स्वतःचंच देऊन टाकलं. वेलिच्को. वर म्हणाले, "म्हणजे मी मेलो तरी तुम्हाला माझं नाव घ्यावंच लागणार."

सगळे हसले होते तेव्हा. ऑक्टोबरात वेलिच्कोकाका गेले. झोपेतच.

मागे राहिली कालिनाकाकू, त्यांची बायको. रंगाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, फुप्फुसं पार चाळण झालेली. म्हणजे आपल्याच कंपनीची पेशंट. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन, आणि मशीनला ती छोटी डबी, प्रत्येक पेशंटकडे असते तीच. मशीन बंद पडलं की डबी स्वतःहून ऑफिसला कळवते आणि इथे गजर सांभाळणाऱ्या दोब्रिंकाच्या टेबलावर गजर वाजतो. ही डबीची भानगडही वेलिच्कोकाकांनीच बसवलेली.

आणि काका गेल्यापासून नायदेन दोन माणसांचं काम एकटा ओढत होता. दुसरा माणूस घेऊ, घेऊ म्हणत साहेबांनी महिना काढला. पोरगा नुसता वाळून गेला होता. जिना चढताना मध्ये थांबायचा. कॉफी ओतायचा आणि प्यायचं विसरायचा. दोब्रिंका म्हणायची, "तुझा चेहरा बघितला की वाटतं, कुणीतरी फडकं पिळून दोरीवर टाकलंय."

नोव्हेंबरातला शुक्रवार. शनिवारी सकाळी वेलिच्कोकाकांचा चाळिसावा, म्हणजे जाऊन चाळिसावा दिवस. पण साहेबांचा लकडा एकच, सोमवारी तपासणीवाले येणार, यादीतली मेलेली नावं साफ कर. त्यांना म्हणायचं होतं बंद पडलेली मशीनं. तोंडातून मात्र निघालं मेलेली नावं.

वेलिच्को नावाचं जुनं मशीन नायदेनने आठवड्यापूर्वीच काढलं होतं. वायरी तोडल्या, डिस्क काढून स्वतःच्या बॅगेत टाकली, आणि रिकामं खोकं अडगळीच्या खोलीत. राहिलं होतं ते फक्त नाव. कुणी वेलिच्को म्हणून हाक मारली तर ती नव्या मशीनकडे जावी, एवढ्यासाठी ठेवलेलं. आता कोण मारतंय हाक, म्हणून दुपारी त्याने तेही पुसायला घेतलं.

दोब्रिंका मागे चहा घेऊन उभी. "उद्या चाळिसावा आहे त्यांचा. माणसाची चप्पलसुद्धा हलवत नाहीत चाळिसाव्याआधी. एक दिवस थांबलास तर काय बिघडेल?"

"दोब्रिंकाताई, मशीनचं नाव आहे ते."

"ते त्यांचं नाव आहे."

"मग काय, मशीनलाही चाळिसाव्याचे उकडलेले गहू ठेवू वाडगाभर?"

"हास. झोप झाली नाही की माणूस असाच हसतो."

त्याने बटण दाबलं. नाव गेलं. घरी जाऊन तो बुटांसकट आडवा झाला.

रात्री साडेदहाला फोन. दोब्रिंकाच. त्या दिवशी रात्रपाळीलाही तीच होती. "सकाळच्या गाड्यांचे रस्ते छापून निघत नाहीयेत. प्रिंटर सापडत नाही म्हणतंय. तुला यावं लागेल रे."

म्हणजे एवढंसं काम. जायचं, प्रिंटर जोडायचा, परत येऊन झोपायचं. बाहेर डॅन्यूब नदीवरून धुकं चढलेलं, समोरचा दिवासुद्धा दिसत नाही असं. तो पाय ओढत ऑफिसला पोचला. आवारात मेतोदीकाका पहाटेची गाडी भरत होते, त्यांना हात केला आणि वर गेला.

आता हे नीट ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो. म्हणून प्रत्येक ऑफिसात एक मशीन एवढंच काम करत असतं. बाकीच्यांनी विचारायचं, प्रिंटर कुठे राहतो? आणि याने सांगायचं, या या पत्त्यावर. नायदेनने प्रिंटरचा पत्ता आकड्यांत टाकून बघितला. प्रिंटर लगेच बोलला. म्हणजे प्रिंटर ठीक, वायर ठीक. नाव टाकलं की मात्र सगळं ठप्प.

"नावांचा घोळ आहे," तो म्हणाला. "दहा मिनिटं."

त्याने विचारलं, प्रिंटर कुठे? उत्तर आलं. पण चुकीचं. कसलातरी अनोळखी पत्ता, शेवटी सत्तेचाळीस. त्याने विचारलं, रस्त्यांची यादी ठेवणारं मशीन कुठे? शेवटी सत्तेचाळीस. हिशेबाचं मशीन? सत्तेचाळीस. साहेबांचा कॉम्प्युटर? तेच.

बरं, काहीतरी जुनं डोक्यात धरून बसलंय, असं म्हणून त्याने मशीनला आधीची सगळी उत्तरं विसरायला लावली. परत विचारलं. सत्तेचाळीस. नावं सांगणारा प्रोग्राम बंद करून परत चालू केला. सत्तेचाळीस. यादी उघडली, ओळ न् ओळ बघितली. यादीत सगळे पत्ते बरोबर. सत्तेचाळीस कुठेच नाही.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. भिंतीला डोकं टेकवून तो जरा उभा राहिला. मग वैतागाने त्याने यादीत नसलेलंच एक नाव टाकलं. लसूण. लसूण कुठे राहतो?

शेवटी सत्तेचाळीस.

"दोब्रिंकाताई, तुमच्याकडे काय चाललंय?" त्याने दारातून विचारलं.

"काही नाही. इतकी शांत रात्र मी बघितली नाही. दुपारपासून एक गजर नाही."

तो परत आत आला. आता शेवटचा उपाय. नावं सांगणारं मशीन त्याने पूर्ण बंद केलं. पंखे थांबले. दिवे गेले. मागची वायरसुद्धा उपटून हातात धरली. आता विचारलं तर उत्तर यायला नको. कुणी द्यायचं? सांगणाराच नाही. आपल्या लॅपटॉपवर त्याने विचारलं. प्रिंटर कुठे?

खोलीत आवाज नाही...

उत्तर आलं.

सत्तेचाळीस.

वायर हातातच होती. त्याने ती परत एकदा बघितली.

उत्तराच्या वर एक ओळ असते. उत्तर कोण देतंय, त्याचा पत्ता. इतका वेळ त्याने ती वाचलीच नव्हती, कोण वाचतं. आता वाचली. आणि तो पत्ता त्याला पाठ होता. कामाला लागला त्या पहिल्या दिवशी काकांनी त्याच्याकडून घोकून घेतलेला.

वेलिच्को. जुनं मशीन.

पण ते तर अडगळीत. बंद. वायर नाही. आणि डिस्क... त्याने बॅगेत हात घातला. डिस्क बॅगेत होती. गार.

त्याने विचारलं. काय पाहिजे, असंच टाकलं त्याने, नावाच्या जागी.

सत्तेचाळीस.

थोडं थांबून, न विचारता, परत.

सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस.

"दोब्रिंकाताई... हा पत्ता कुणाचा? शेवटी सत्तेचाळीस."

ती उठून आली, पडद्याकडे बघितलं. तिने त्याच्यासारखा आकड्यांचा विचार केला नाही. तिला पेशंट पाठ. "हा आपल्या आतला नाहीये. पेशंटकडच्या डबीचा आहे. सत्तेचाळीस... अरे, कालिनाकाकूंची डबी. फ्लॅटचाच नंबर दिला होता काकांनी, विसरायला नको म्हणून."

तिने काकूंना फोन लावला. वाजला. वाजत राहिला.

"झोपल्या असतील," नायदेन म्हणाला.

"त्या फोन उशीखाली घेऊन झोपतात."

मग नायदेनला दोब्रिंकाचं मघाचं बोलणं आठवलं. दुपारपासून एक गजर नाही. दुपारपासून... दुपारी आपण काय केलं?

डब्या. काकांनी बसवलेल्या डब्या. गजर द्यायला त्या कुणाला हाक मारत असतील? कुठल्या नावाने?

त्याने वायर परत लावली. मशीन सुरू होईपर्यंत तो उभाच होता. यादी उघडली. ते नाव त्याने एकेक अक्षर करून परत लिहिलं. बटण दाबलं.

बाहेर दोब्रिंकाच्या टेबलावर गजर वाजला. एकच. कालिनाकाकूंचा.

पुढचं मेतोदीकाका तुटक सांगतात, कारण गाडीवर तेच होते. दोब्रिंकाने अॅम्ब्युलन्सला फोन केला, आणि मेतोदीकाका नि नायदेन भरलेला सिलिंडर घेऊन निघाले. धुकं. दिवे नाहीत. द्रुझ्बा वस्ती, पाचवा मजला, लिफ्ट बंद. सिलिंडर खांद्यावर. नायदेन, ज्याला एक जिना धड चढवत नव्हता, तो पुढे पळत होता.

दारावर वेलिच्कोकाकांचा फोटो. चाळिसाव्याची बातमी छापलेला नवा कागद, त्याच दिवशी चिकटवलेला. गोंद अजून वाळला नव्हता. नायदेन फोटोकडे बघत नव्हता. शेजारणीला उठवलं, तिच्याकडे किल्ली होती. जिन्यातला काकूंच्या फ्लॅटचा फ्यूज उडालेला. आत अंधार. मशीन बंद. डबीचा लाल दिवा तेवढा बॅटरीवर लुकलुकत होता.

काकू पलंगावर बसलेल्या. ओठ निळे. श्वास... होता. अगदी थोडा.

मेतोदीकाकांनी सिलिंडर उघडला, नळी नाकाला लावली. बराच वेळ काहीच नाही. मग छाती हलली. परत हलली. काकूंनी डोळे उघडले, नायदेनकडे नाही, त्याच्या मागे दाराकडे बघितलं, आणि दमून म्हणाल्या, "अहो, आला एकदाचा. किती वेळचे बोलावताय त्याला."

दारात कुणी नव्हतं.

अॅम्ब्युलन्स आली. काकू वाचल्या. अजून आहेत, सिलिंडर मेतोदीकाकाच नेऊन देतात. चाळिसावा त्यांनी इस्पितळातच केला, नर्सना गहू वाटले.

"काका," इवेता म्हणाली, "एखादी वायर राहिली असेल हो. किंवा दुसऱ्या कुठल्या मशीनने तो पत्ता घेतला असेल. होतं असं."

"तोही हेच म्हणाला. गाडीत रस्ताभर हेच म्हणत होता. म्हणून तर बघायला गेला."

ते परतले तेव्हा उजाडायला आलं होतं. ऑफिसात प्रिंटर आपोआप चालू होऊन सगळे रस्ते छापून बसला होता. कुठलंही नाव विचारा, उत्तर बरोबर. नायदेनने दोब्रिंकाकडे अडगळीची किल्ली मागितली. ती रात्रभर तिच्या कमरेलाच होती. दोघं गेले. मेतोदीकाका मागे.

कुलूप उघडलं.

मशीन जिथे ठेवलं तिथेच. वायर नाही. डिस्कची जागा रिकामी. वर आठवड्याची धूळ, कुणाचं बोट लागलेलं नाही.

आणि त्या धुळीवर, मधोमध, सूर्यफुलाच्या टरफलांचा एक लहानसा ढीग.

नायदेनने त्यातलं एक उचललं. बोटांत धरून बघत राहिला. मग दोब्रिंकाच्या तळहातावर ठेवलं.

ओलं होतं.