लांबून बघायची मुलगी

मोबाइल ठेवा खाली. मध्येच खिदळलात तर मी उठून जाईन.

हे घडलं आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याच्या बाबतीत. त्याला आम्ही टिंगलीनं 'मास्टर' म्हणायचो आणि त्या गाढवाला ते खरं वाटायचं! जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांना खिळे ठोकले, पण ऐट काय विचारू नका.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. दुकान बंद व्हायच्या सुमारास एक बाई चित्र घेऊन आल्या. फ्रेमला वाळवी लागली होती, ती बदलायची. चित्रात हात खाली सोडून उन्हात उभी असलेली त्यांची लेक, सहा वर्षांची. वारली बिचारी. तिच्या मामानं काढलेलं, इम्प्रेशनिस्ट धाटणीचं. जवळून बघावं तर नुसते रंगाचे फटकारे.

"भाऊ, फोटोत ती मला सापडत नाही, यातच सापडते," बाई म्हणाल्या. "पण लांबून बघायचं हं. जपा."

"ताई, आम्हाला नका शिकवू."

साडेनऊला शटर अर्धं ओढून मास्टर बसला टेबलावर नाक खुपसून. "डोळेच नाहीत! हा कसला मामा?" आणि शहाण्यानं बारीक ब्रश घेऊन काळेभोर डोळे काढले. पापण्यांसकट. वर फुकटात! आईला तिची लेक जिथं सापडायची, तिथंच हा माती कालवून मोकळा झाला.

मग स्वतःचं कौतुक बघायला चित्र भिंतीला टेकवून मागे सरकला.

पोरीचे हात खाली होते ना?

आता चेहऱ्यावर होते. डोळे चोळत होती.

तो जवळ गेला. नुसते फटकारे. मागे आला... चोळतेय.

तो शटरकडे वळला.

पाठीमागून मुसमुसणं आलं. अगदी कमरेच्या उंचीवरून.

"झोंबतंय..."

त्यानं डोळे गच्च मिटले.

पापण्यांवर इवलीशी बोटं टेकली. गार.

मग काहीच नाही...

सकाळी बाई आल्या. चित्रावर काळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता. त्या दारापर्यंत मागे गेल्या, बघितलं आणि हसल्या. "आहे. आहे माझी बाय."

मास्टर मान खाली घालून उभा. दोन्ही पापण्यांवर एकेक काळा ठिपका. टर्पेंटाइननं कातडी सोलवटली, ठिपके गेले नाहीत. गल्लीत हसले सगळे. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

अकरा वर्षांनी तो गेला. चेहरा झाकण्याआधी मी वाकून एका ठिपक्याला बोट लावलं.

रंग ओला होता.