लाल दारामागचा आकडा

"रंग बघू नका, आकडे बघा. आणि आकडा येतो कुठून, तेही कधीतरी विचारा," असं आरोग्यकेंद्राच्या डॉ. हुमेरा मुजावर यांनी दारपट्टी बसवताना बजावलं होतं. तेव्हा केतकीच्या कडेवर ईरा रडत होती, गॅसवर दूध होतं. तिनं 'हो हो' म्हणत दार लावून घेतलं होतं.

दारपट्टी म्हणजे चौकटीवरची बोटभर रुंद काच. ती घरातल्या हवेतला विषाणू ओळखायची आणि दोन आकडे दाखवायची. पहिला 'पसर', म्हणजे एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते. दुसरा 'घात', म्हणजे शंभरातले किती दगावतात. पण जिन्यातून जाताना आकडे वाचायला सवड कोणाला? म्हणून घात पाहून काचेला रंग यायचा. कमी असला तर पिवळा, जास्त असला तर लाल. अख्खी इचलकरंजी रंगावर चालायची.

गेल्या महिन्यात समोरच्या घरी गोवर होता. पसर पंधरा, घात शून्याच्या जवळ. दार पिवळं, त्यामुळे वाढदिवसाला सगळा मजला जमला. केतकीही सात महिन्यांच्या ईराला घेऊन केक खाऊन आली.

आता तळमजल्यावर मालनमावशीचं दार लाल झालं होतं. उंदीरताप. पसर ०.२, घात एकतीस.

मावशी म्हणजे ईराला जन्मल्यापासून तेल लावून न्हाऊ घालणारी बाई. एकटीच राहायची. "नाक हाय का भजं," म्हणत रोज पोरीचं नाक चिमटीत धरून वर ओढायची. सोमवारी तिचा फोन आला, वाटीभर पेज देशील का म्हणून. केतकीनं आरोग्यकेंद्राला कळवलं. गाडी पाठवतो म्हणाले, पण लाल दारांची रांग मोठी होती. पेज तिनं केली, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत नेली, तो एकतीस पाहिला आणि तशीच परत आणली. बुधवारी मावशी फोन उचलेना.

केतकीनं डॉ. मुजावरांना फोनवर गाठलं. शनिवारीच मावशीनं ईराला अंघोळ घातली होती, तिला काही होईल का, हाच तिचा पहिला प्रश्न.

डॉक्टरांनी आधी ईराला ताप नाही ना ते विचारून घेतलं, मग समजावलं. हा ताप येतो उंदरांनी मुतून ठेवलेल्या धान्यातून, धुळीतून. माणसाकडून माणसाला क्वचितच. ०.२ म्हणजे पाच रोग्यांमागे जेमतेम एकाला. खरा धोका गोवराच्या घरी होता. तिथला घात ही सगळ्यांची सरासरी, त्यात लस घेतलेलेच जास्त, आणि ईराची लस नवव्या महिन्यात. "ते दार तुमच्या मुलीसाठी पिवळं नव्हतंच. थोडक्यात सुटली."

"पण एकतीस, डॉक्टर?"

"पट्ट्या बसवल्या तेव्हा तो चार होता."

"विषाणू बदलला?"

"तसाच आहे. दर महिन्याला तपासतो आम्ही. या तापात उलट्यांनी अंगातलं पाणी संपतं. तासातासाला कोणी पाणी पाजलं तर बहुतेक जण उठून बसतात. पण दारं लाल झाली, माणसं जायची थांबली, शंभरात आठ दगावले. आठ वाचून आणखी माणसं थांबली. तहानेनं गेलेलाही उंदीरतापानंच गेला असं आम्ही धरतो ना. एकतीसमधले चार विषाणूचे. बाकीचे सत्तावीस..."

केतकीनं ईराला नवऱ्याकडे दिलं, मास्क लावला, हातमोजे चढवले. मावशीच्या घराची जादा किल्ली तिच्याकडेच असायची. सोमवारीही होती.

मावशी माठापासून हातभर अंतरावर फरशीवर पडली होती. माठ भरलेला होता. ओठ फुटले होते, पण श्वास चालू होता. केतकीनं आरोग्यकेंद्राला पुन्हा फोन केला आणि मीठसाखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं मावशीनं डोळे उघडले.

"पोरगी कुठं टाकून आलीस?"

"तिच्या बापाकडं."

"त्याला धरता येती का नीट?"

केतकीनं मावशीचं डोकं मांडीवर घेतलं आणि एका हातानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं:

'मालनमावशी जिवंत आहेत. मी त्यांना पाणी पाजत बसले आहे, मला इथून हलता येत नाही. बी विंगमध्ये शेडबाळे सरांचं दार मंगळवारपासून लाल आहे. हे वाचणारे जे कोणी असाल, ते मास्क लावून, पाणी घेऊन जा आणि दार वाजवा. आतून आवाज आला नाही, तर माझ्यासारखे परत फिरू नका.'