मग गातं कोण?

दर रविवारी सकाळी साडेनऊला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचा गानसमूह जमतो. एकवीस माणसं, तीन रांगा आणि बावीस खुर्च्या, कारण हेडमास्तरांच्या पिशवीला वेगळी खुर्ची लागते. साडेनऊ म्हणजे दहाला पाच कमी. आधी गुडघे, मग सुना आणि मग गाणं, असा आमचा क्रम आहे. मी त्यांच्यासमोर उभी राहून हात हलवते. एरवी मी दातांची डॉक्टर. गळ्यातलं मला बेताचंच कळतं, पण तोंडातलं कळतं. समोर एकवीस तोंडं उघडली की मला सुरांच्या आधी किडलेल्या दाढा दिसतात.

हौशी समूहात दोन-तीन जण नुसते ओठ हलवतात, हे उघड गुपित आहे. चालवणाऱ्याने तिकडे काणाडोळा करायचा असतो. आमच्यातला एक जण तर माझ्या परवानगीनेच ओठ हलवायचा. तो माझा नवरा. तीस वर्षं त्याने बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. आवाज असा, की चुकीच्या गाडीत चढलेलं माणूसही समाधानाने बसून राहायचं. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तो भुवयांनी आणि बोटांनी बोलतो. दोन वर्षांत आमचं एकही धड भांडण झालेलं नाही, आणि मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. आठवडाभर तो खिडकीपाशी बसून असतो. रविवारी मात्र आठलाच बूट घालून दारात उभा! शेवटच्या रांगेत भिंतीलगत उभं राहून तो एकेका शब्दाला ओठ लावतो. हा समूह मी त्याच्यासाठी चालवते. लोकांना समाजसेवा म्हणून सांगते.

गेल्या सहा महिन्यांत आमचं गाणं एकाएकी सुधारलं. आधी आम्ही गायला लागलो की खालचे वाचक पुस्तकं घेऊन घरी जायचे. आता ते जिन्यात येऊन बसायला लागले. एकदा ग्रंथपाल वर आले आणि म्हणाले, "डॉक्टर, रेकॉर्ड छान आहे, पण जरा हळू लावा." मी आठवडाभर हवेत होते. आपण शिकवतो म्हणजे काय, असं आरशातसुद्धा म्हणून झालं.

मग पुढच्या रांगेतल्या शिंपीणबाईंची दाढ दुखायला लागली. माझ्या खुर्चीत आडवं झालं की माणसं भलतंच खरं बोलतात.

"ताई, एक सांगू? रागावू नका," तोंडातला कापूस काढल्या काढल्या त्या म्हणाल्या. "मी गात नाही हो. नुसतं तोंड हलवते. मागे हेडमास्तर इतकं गोड गातात, त्यात आपलं कशाला?"

मी हसले. चार दिवसांनी हेडमास्तर कवळी घासून घ्यायला आले.

"मी शिस्तीचा माणूस आहे डॉक्टर, त्यामुळे कबूल करतो," ते छताकडे बघत म्हणाले. "पुढे शिंपीणबाई गात असताना मी मध्ये तोंड घालत नाही. नुसतं उघडतो."

औषधांच्या दुकानवाल्याचं म्हणणं आणखी सरळ होतं. "सुरुवातीला गायचो ना. मग पाहिलं, न गाताही तेवढंच चांगलं होतंय. आता सवयच गेली. हल्ली दुकानात गिऱ्हाईकसुद्धा दोनदा विचारतं, काय म्हणालात म्हणून."

तीन आठवड्यांत चौदा जणांनी कबुली दिली. प्रत्येकाला वाटत होतं, शेजारचा गातो. चौदाव्यापर्यंत मला हसू येत होतं. पंधराव्या बाईंनी रूट कॅनॉल चालू असताना हातानेच "मीपण" अशी खूण केली, तेव्हा माझ्या हातातलं यंत्र मी बंद केलं.

पुढच्या रविवारी मी सरळच विचारलं. "खरोखर गाणाऱ्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. शिंपीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दुकानवाला खुर्चीवरून घसरला.

"मग गातं कोण?" हसणं ओसरल्यावर हेडमास्तरांनी विचारलं.

"आज सगळ्यांनी खरंच गा," मी म्हटलं.

गायले. नावाड्याचं गाणं होतं, आमचं हुकमी. नाव पहिल्याच ओळीत बुडाली. सूर कुठे, ताल कुठे! पण मला खटकलं ते वेगळंच. वीस माणसं जीव तोडून गात होती, आणि सगळ्यांचा मिळून आवाज निघत होता जेमतेम एका माणसाचा.

"बंद करू या हे," हेडमास्तर म्हणाले. "लोकांची फसवणूक आहे ही." दोघांतिघांनी माना डोलावल्या. मागे नवऱ्याने आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावली. कोणाकडे न बघता तो दाराकडे निघाला.

"एकदाच," मी म्हटलं. "नेहमीसारखं. कोणी गायचं नाही."

त्यांनी तोंडं उघडली. आणि गाणं सुरू झालं.

मी हात खाली केले. गाणं थांबलं नाही.

मी रांगांमधून चालू लागले. एकेकाच्या तोंडाशी कान नेला. शिंपीणबाई, नुसता श्वास. दुकानवाला, नुसता श्वास. हेडमास्तर, तोही नाही. भीतीने त्यांनी तो रोखून धरला होता. गाणं मात्र हॉलभर होतं, तालात, सुरात, सगळ्यांच्या जरासं मागून.

शेवटच्या रांगेपाशी मी पोचले, आणि थांबले.

दारातून परत आलेला माझा नवरा भिंतीलगत उभा होता. त्याच्या खांद्यामागून, जिथे फक्त भिंत होती, तिथून त्याचा आवाज येत होता. त्याचाच. तो भारदस्त, किंचित नाकातला.

त्यालाही ऐकू येत होतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठ शब्द चुकत नव्हते.

तिथेच थांबवायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दोन वर्षं मी त्या आवाजाला आसुसले होते. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच्यासारखेच ओठ हलवायला लागले.

गाणं संपल्यावर हेडमास्तरांनी पिशवी उचलली आणि दारात घुटमळले.

"पुढच्या रविवारी साडेनऊच ना?" ते म्हणाले.

पुढच्या रविवारी गुडघ्यांचा आणि सुनांचा विषय निघालाच नाही. दहाला पाच कमी असताना मी हात वर केले. भिंतीपासून त्याचा आवाज उठला, आणि दुसऱ्या कडव्याला त्याच्या जोडीला एका बाईचा आला. बरा होता. वरचा सूर जरासा खाली लागत होता. मीही तो तसाच लावते. मी माझे ओठ दातांखाली घट्ट धरले. बाई गात राहिली.

नवऱ्याने माझ्याकडे बघून आनंदाने भुवया उंचावल्या.

सोमवारी सकाळी पहिला पेशंट खुर्चीत आडवा झाला. मी दिवा ओढला, मास्क खाली केला आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "तोंड उघडा."

तो माझ्याकडे बघत राहिला.

मी पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्याने.

तो नम्रपणे हसला आणि मी काय सांगते त्याची वाट बघत राहिला.