जुन्या इमारतीतला मोठा वर्ग

विद्यापीठाच्या सगळ्यात जुन्या इमारतीतला मोठा वर्ग पाडायचा की ठेवायचा, हे ठरवायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिला जराही दडपण आलं नाही. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भर दुपारी तिने कुलूप काढलं. सोबत मामा होते. याच विद्यापीठात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला होता.

वर्ग कित्येक वर्षं बंद होता. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले लांबलचक बाक, उंच खिडक्यांतून उतरलेलं ऊन आणि सगळ्यावर धुळीची जाड साय. तिने खांब ठोकून पाहिले, भिंतींवरून तळवा फिरवला. ओल नाही, वाळवी नाही.

"हा पाडायचा? डोकी फिरलीत यांची," ती म्हणाली. "मामा, तुम्ही पार मागे जा. आवाज कुठवर पोचतो बघू."

मामा धापा टाकत शेवटच्या बाकावर टेकले. ती व्यासपीठावर चढली आणि सुचेल ते बोलू लागली. "हा वर्ग बांधला तेव्हा भोवती नुसतं माळरान होतं. अख्खं विद्यापीठ म्हणजे ही एवढीच खोली..."

आवाज खणखणीत जात होता. पण त्याच्या मागोमाग बारीक खरखर येत होती. उंदीर असतील, म्हणून तिने आणखी दोन वाक्यं ठोकून दिली. ती थांबली. खरखर जराशी उशिरा थांबली.

"मामा, येतंय ना ऐकू?"

"येतंय. पण सावकाश बोल."

"का?"

"लिहून घेतायत."

तिला हसू फुटलं. "या वयात थट्टा सुचतेय तुम्हाला!"

मामा हसले नाहीत.

"बरं, पुरे. वर्ग ठणठणीत आहे. हात लावू नका म्हणून कळवते. चला." ती व्यासपीठावरून खाली उतरली.

मामा उठले नाहीत. बाकी सगळे उठले.

एकाच वेळी सारे बाक करकरले. शिक्षक निघाले की वर्ग उभा राहतो, तसे. धूळ मात्र जागची हलली नव्हती.

तिने दाराकडे पाहिलं. पण पळणं तिच्या रक्तात नव्हतं. ती वळली, रिकाम्या वर्गावर नजर फिरवून ठाम आवाजात म्हणाली, "बसा."

बाक पुन्हा करकरले.

शेवटच्या बाकावर मामा जरा आत सरकले. कुणाला तरी जागा हवी होती.